खुशालराव मास्तरांचे चौसष्ट चिंचोके

शिक्षकांचे गोडवे गाणारी भाषणं मला सोसत नाहीत. मी स्वतः सत्तावीस वर्षं अकोल्यात मुलींना गणित शिकवलं. आता घरी बसले आहे, तरी दरवर्षी कुणीतरी येतं, मला खुर्चीवर बसवतं, गळ्यात हार घालतं आणि तुमच्या गुरूंबद्दल दोन शब्द बोला म्हणतं. मी खरोखरच दोन शब्द बोलते आणि खाली बसते. खुशालराव मास्तरांचं नाव मी आजवर एकाही सभेत घेतलेलं नाही. ते घेतलं की त्यांची नोकरी कशी गेली हे सांगावं लागेल, आणि ती माझ्यामुळे गेली.

आमचं गाव बार्शीटाकळीपासून तीन कोसांवर. काळी जमीन, कापूस आणि ज्वारी, आणि पावसाळ्यात गाडीचं चाक अर्धं गिळणारा चिखल. शाळा एका खोलीची. चार वर्ग त्याच खोलीत चार ओळींनी बसत आणि चारही वर्गांना मिळून मास्तर एक. खुशालरावांच्या आधी दोन मास्तर येऊन गेले होते. पहिला हिवतापाला भिऊन पळाला. दुसऱ्याने सहा महिन्यांत स्वतःची बदली करून घेतली आणि जाताना शाळेचं घड्याळही नेलं, असं गावात म्हणत. खुशालराव मात्र टिकले. मी शाळेत गेले तेव्हा त्यांना गावात चौदा वर्षं झाली होती.

नाव खुशालराव, पण तोंडावर खुशाली अशी कधी दिसली नाही. उंच, किडकिडीत माणूस. कोपरावर ठिगळ लावलेला काळा कोट बारा महिने अंगात. बोलणं हळू. ते पोरांना मारत नसत आणि हे गावाला पटत नसे. आमचे आबाजी, म्हणजे माझे आजोबा नत्थुजी, म्हणायचे की मास्तर चांगला आहे पण मऊ आहे. मऊ मास्तराच्या हाताखाली पोरगी बिघडेल म्हणून आईचा मला शाळेत घालायला विरोध होता. आबाजींनी तो मोडून काढला. ते गावचे मापारी होते. खळ्यावर सगळ्या गावाचं धान्य त्यांच्या हाताने मोजलं जाई. त्यांना अक्षर येत नव्हतं आणि आपल्या नातीला यावं अशी त्यांची इच्छा होती.

मी दुसरीत होते तेव्हा एका सोमवारी मास्तर म्हणाले, “गणिताच्या वेळेले पाट्या ठेवून द्या. हात पुढे करा.” आम्हाला वाटलं, शेवटी छडी निघाली. निघाली ती एक पिशवी. तिच्यात चिंचोके होते, आणि बोटाएवढे कापलेले ज्वारीचे धांडे. दहा धांडे मोजायचे आणि अंबाडीच्या सालीने बांधायचे, की झाली एक जुडी. दहा जुड्या एका गाडग्यात, की झालं शंभर. बेरीज करताना सुटे दहा जमले की त्यांची जुडी बांधून डाव्या मुठीत धरायची आणि पुढच्या घरात नेऊन ठेवायची. तो आमचा हातचा. पुढे शहरातल्या मुली हातच्याचा आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहून वर विसरून जाताना पाहिल्या, तेव्हा मला त्यांची कीव आली. मुठीत धरलेली जुडी कुणी विसरत नाही. वजाबाकीत सुटे पुरले नाहीत तर एक जुडी सोडायची. तेवीसातून आठ काढताना मला गाठ सुटेना, मी ती दाताने सोडली, तेव्हापासून ती वजाबाकी माझ्या दातांना पाठ आहे.

पाढ्यांसाठी शाळेमागे एक वाफा होता. पावसाळ्याच्या तोंडाशी त्यात सरकी टोचायची. सात ओळी, दर ओळीत आठ. मग रोज जाऊन पाहायचं. सात आठे छप्पन आमच्या वर्गात उगवले. एका वर्षी पाच उगवले नाहीत, तेव्हा मास्तरांनी त्याचीच वजाबाकी घातली आणि तिसरीच्या पोरांना छप्पनातून पाच जाताना डोळ्यांसमोर दाखवले. ते स्वतः उकिडवे बसून कोंबांच्या शेंड्यांवरून तळहात फिरवत आणि आम्ही हसायचो, कारण कुणाचे आजोबा वासराला कुरवाळतात तसं ते दिसायचं. अपूर्णांकांसाठी नाल्याकाठच्या काळ्या मातीच्या भाकरी थापायच्या आणि ओल्या असतानाच दोऱ्याने कापायच्या. अर्धी, चतकोर, चतकोराची अर्धी म्हणजे नितकोर. पाऊण म्हणजे काय हे मला कुणी सांगितलं नाही. तीन चतकोर मातीचे हातात आले आणि कळलं.

मोजणीसाठी पितळेची परात होती. चिंचोका एकेक करून वरून परातीत सोडायचा, म्हणजे टण वाजेल. दोन एकदम पडले तर पुन्हा पहिल्यापासून. या नियमाचा आम्हाला कंटाळा येई. आम्हाला वाटे, शिस्त आहे.

ती शिस्त नव्हती. मास्तरांना काचबिंदू झाला होता. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेली वर्षभरात जाईल. हे सगळं मला फार पुढे त्यांच्या बायकोकडून, मैनाबाईंकडून कळलं. आंधळ्याला मास्तर म्हणून कोण ठेवणार? खात्याला कळलं की दुसऱ्या दिवशी घरी बसणं आलं, आणि त्यांच्यामागे त्या आडगावात दुसरा मास्तर कधी येईल, येईल की नाही, देव जाणे. मैनाबाईंनी त्यांना एकदाच सांगितलं की आता पुरे, पोराकडे जाऊन राहू. ते म्हणाले, मला पोरं शिकवण्यापलीकडे काहीही येत नाही, डोळे गेले म्हणून तेही सोडलं तर मी उरतो कुठे? तेव्हापासून त्या पाण्याची घागर घेऊन घरून शाळेपर्यंत त्यांच्यापुढे दहा पावलं चालत आणि हातातल्या बांगड्या मुद्दाम वाजवत. गावाला वाटे, बाईला नखरा फार. बांगड्यांच्या आवाजामागे मास्तर सरळ चालत येत.

आम्हाला कळलं ते किसनमुळे. किसन माझ्याच वर्गातला, पाटलांच्या भावकीतला, अंगात नुसती मस्ती. शुद्धलेखन तेवढं पाटीवरच असे. एकदा त्याने धडा उतरवण्याऐवजी पाटीवर गाढव काढलं आणि मास्तरांना नेऊन दिलं. मास्तरांनी पाटी खिडकीकडे धरली, थोडी दूर केली, जवळ आणली आणि म्हणाले की अक्षर सुधारलं. चारी ओळी खदखदून हसल्या. मास्तर पाटी हातात घेऊन तसेच उभे राहिले. मग म्हणाले, “वच्छे, काय आहे पाटीवर?”

मी म्हणाले, “गाढव हाय, मास्तर.”

त्यांनी पाटी किसनच्या दिशेने पुढे केली. “शेपूट काढली का त्याले?”

“काढली,” किसन म्हणाला.

“मग आता पुसून टाक, अन धडा लिही.”

किसनने पाटी कोपराने पुसली आणि पुसताना तो रडायला लागला. त्या दिवसानंतर कुणी कुणाला काही सांगितलं नाही, पण सगळं बदललं. उंबऱ्यावर कुणी चपला ठेवीना. हजेरीच्या वेळी मास्तर पटावरची एकोणचाळीस नावं तोंडपाठ म्हणत आणि किसन त्यांच्या शेजारी बसून वहीत खुणा करी. वाचनाचं पुस्तक मास्तरांना अथपासून इतिपर्यंत पाठ होतं. पान कुठे उलटायचं तेवढं कळत नसे, तेव्हा किसन हळूच खाकरायचा. वऱ्हाडातल्या पोरांच्या पोटात गोष्ट राहू शकते यावर माझा त्याआधी विश्वास नव्हता. एकोणचाळीस पोरांनी दोन वर्षं घरात चकार शब्द काढला नाही. मी आबाजींनासुद्धा सांगितलं नाही.

आता आबाजींच्या मोजण्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथे अडकलं आहे. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला आमच्याकडे ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. लाभ, दोन, तीन, असं मोजतात. सगळं गाव असंच मोजी आणि त्यात काही चुकत नाही. पण आमच्या घराची तऱ्हा निराळी होती. आबाजी पहिलं माप ‘लाभ’ म्हणून टाकत आणि मोजणी त्याच्या पुढून, एकपासून सुरू करत. त्यांच्या मते पहिलं माप भूमीचं. ते राशीतच राहायचं, पण आपण त्यावर आकडा घालायचा नाही. शेतकऱ्याच्या राशीत त्यामुळे एक माप जास्तच जाई, कमी कधीच जात नसे, म्हणून कुणाची तक्रार नव्हती. उलट नत्थुजीच्या मापात बरकत आहे असं म्हणत. मी चार वर्षांची असल्यापासून त्यांच्या मांडीला टेकून हे ऐकत आले होते. शाळेत जुडी बांधताना मी सगळ्यांसारखी एकपासून मोजायची. पण परातीत रास सोडायची म्हटली की माझ्या डोक्यात खळं यायचं, पहिल्या चिंचोक्याला मी ओठातल्या ओठात ‘लाभ’ म्हणायची आणि मग मोठ्याने एक, दोन, तीन. मला ते चूक आहे हे ठाऊकच नव्हतं. मास्तर ऐकत आणि म्हणत, “बरोबर, बस खाली.” मग परात पुढच्या पोराकडे जाई.

मी चौथीत होते त्या पौषात नवे डिप्टी आले. शाळा तपासणाऱ्या साहेबांना आम्ही डिप्टी म्हणायचो. कमलाकांतराव त्यांचं नाव, अमरावतीचे. गावात आधीच बातमी आली होती की हे जुन्यासारखे हुरडा खाऊन जाणारे नाहीत. शाळा सारवली, दाराला तोरण लावलं. चौथीची परीक्षा बार्शीटाकळीच्या केंद्रावर होती आणि तिला कोण बसणार हे त्या दिवशी डिप्टी ठरवणार होते. त्याआधी आमच्या गावातून एकही मुलगी त्या परीक्षेला बसली नव्हती. आबाजी धुतलेलं धोतर नेसून दाराशी येऊन उभे राहिले. त्यांच्याबरोबर गावातले आणखी दहा-बारा जण होते.

खरं सांगायचं तर डिप्टी माणूस वाईट नव्हता. तसा असता तर मला बरं पडलं असतं, सगळा राग त्याच्यावर काढून मोकळी झाले असते. ते चिंचोक्यांच्या गणिताबद्दल कुठेतरी ऐकून मुद्दाम पाहायला आले होते. हजेरी झाली. वाचन झालं, किसन बरोबर तीनदा खाकरला. डिप्टींनी त्याला गूळ खाऊन पाणी पिऊ नकोस असं सांगितलं. पहिलीच्या पोरांनी जुड्या बांधल्या, तिसरीच्या पोरांनी मातीच्या भाकरी कापल्या. डिप्टी खुर्ची सोडून पोरांमध्ये जमिनीवर येऊन बसले. म्हणाले, मास्तर, उन्हाळ्यात तुम्ही अमरावतीला या आणि आमच्या शिकाऊ मास्तरांना हे दाखवा. मास्तर नुसते हसले. मी त्यांना तसं हसताना तेव्हाच पाहिलं.

मग माझी पाळी आली. डिप्टींनी पिशवीतून चिंचोके काढून स्वतः मोजले, रुमालात घेतले आणि रुमाल माझ्यासमोर ठेवला. हे मोज, म्हणाले, आणि चार जणांत सारखे वाटले तर एकेकाला किती येतील ते वाटण्याआधी तोंडी सांग. मी परात पुढे ओढली. दाराशी आबाजी उभे होते. मी पहिला चिंचोका सोडला, ओठात लाभ म्हणाले आणि मोजू लागले. खोलीत नुसता टणटण आवाज. शेवटचा चिंचोका सोडला आणि मी सांगितलं की त्रेसष्ट आहेत, एकेकाला पंधरा येतील आणि तीन उरतील. भागाकार पटकन केला म्हणून मी स्वतःवर खूश होते.

डिप्टी हसले आणि म्हणाले की मी चौसष्ट दिले होते, एक कुठे गेला? मी म्हणाले त्रेसष्टच आहेत. त्यांनी मला मूठ उघडायला सांगितली. मी उघडली. मग ओचा झटकायला सांगितला. मी झटकला. सगळी शाळा माझ्याकडे पाहत होती. दारातून कुणीतरी हळू पण ऐकू येईल असं म्हणालं की मापाऱ्याच्या घरातच मापात पाप निघालं. मी आबाजींकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते.

डिप्टींना ते बोलणं आवडलं नसावं, पण त्यांच्या कपाळावर आठी आली होती ती मास्तरांसाठी. ते म्हणाले, “मास्तर, मुलीने तुमच्या पुढ्यात बसून एक चिंचोका लपवला. तुम्ही पाहत होतात ना?”

मी आयुष्यात हे वाक्य हजारदा मनात म्हणून पाहिलं आहे. त्यावर एकच उत्तर द्यायचं होतं, हो साहेब, लक्षात आलं नाही. एवढं म्हटलं असतं की झालं असतं. मला रागावून खाली बसवलं असतं, एका मुलीचा परीक्षेचा फॉर्म राहिला असता, आणि मास्तर उन्हाळ्यात अमरावतीला गेले असते. तेव्हा मी अकरा वर्षांची होते, तरी हे मला तिथल्या तिथे कळत होतं. त्यांनी तसंच म्हणावं असं मला वाटत होतं का? खरं सांगते, नव्हतं वाटत. मी चोर नाही हे कुणीतरी म्हणावं एवढंच मला हवं होतं.

मास्तर म्हणाले, “तिनं लपवला नाही, साहेब. परातीत चौसष्टच पडले. चौसष्ट आवाज आले. पहिल्याले ती लाभ म्हणते, आकडा घालत नाही. ते त्याईच्या घरची रीत आहे.”

“आवाज?” डिप्टी म्हणाले. “समोर दिसत असताना आवाज कशाला मोजता?”

मास्तरांनी टोपी काढून हातात घेतली. “मले दिसत नाही, साहेब. दोन वर्षं झाली.”

किसन त्या वेळी उगाचच खाकरला. दुसरं काय करावं त्याला सुचलं नसेल.

डिप्टींनी परात आपल्याकडे ओढून चिंचोके चार-चार करून बाजूला केले. सोळा ढिगल्या झाल्या. मग त्यांनी माझा फॉर्म मागून घेतला, त्यावर सही केली आणि आम्हाला बाहेर जायला सांगितलं. आम्ही खिडकीखाली बसून ऐकलं. डिप्टी विचारत होते की हे कुणाकुणाला माहीत आहे. मास्तरांनी सांगितलं की मला आणि घरच्या बाईला, पोरांना काही ठाऊक नाही. एकोणचाळीस पोरं खिडकीखाली बसून हे ऐकत होती आणि एकानेही आवाज केला नाही. डिप्टी म्हणाले की मला हे लिहावं लागेल. मास्तर म्हणाले, लिहा साहेब. मग डिप्टी म्हणाले की मी त्याबरोबर तुमच्या शिकवण्याबद्दलही लिहीन. त्यांनी लिहिलं असेलच. खात्याने त्यातलं पहिलं तेवढं वाचलं.

फाल्गुनात हुकूम आला. मास्तर आणि मैनाबाई बडनेऱ्याला मुलाकडे गेले. तो रेल्वेत होता. गाडीत बसताना मास्तरांनी प्रत्येक पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि नाव घेतलं. एकही नाव चुकलं नाही. मी गेले नाही. मी आमच्या गोठ्यात कडब्यामागे बसून राहिले. दुसऱ्या दिवशी किसन भेटला आणि म्हणाला, “तुह्या लाभापायी मास्तर गेले.” तो पुढे मोठा झाला, सगळे त्याला किसनराव म्हणू लागले, माझ्याशी नेहमी चांगला वागला, आणि ते वाक्य त्याला आठवतही नसेल. मला आठवतं.

नवा मास्तर दिवाळीनंतर आला. त्याने पिशवी माळ्यावर टाकली आणि पाट्या काढायला सांगितल्या. वाफ्यात त्याने वांगी लावली. मी त्याआधीच टाकळीला जाऊन परीक्षा दिली होती आणि पास झाले होते. गावाने साखर वाटली. मला त्या साखरेची चव लागली नाही. त्या वर्षी ज्वारीच्या खळ्यावर आबाजींनी पहिलं माप भरलं, धरलं आणि काही वेळ तसेच थांबले. मग त्यांनी ते टाकलं आणि ‘एक’ म्हणाले. लोक एकमेकांकडे पाहू लागले, पण कुणी विचारलं नाही. घरीही त्यावर कधी बोलणं झालं नाही. पुढे मरेपर्यंत ते एकपासूनच मोजत राहिले.

मी अमरावतीला शिकले, मास्तरीण झाले, अकोल्याच्या मुलींच्या शाळेत लागले. बडनेरा वाटेवरच. अमरावतीला जायचं म्हणजे तिथे गाडी बदलायची. अकरा वर्षं मी त्या फलाटावर उतरत आणि चढत होते, आणि फलाटाबाहेर एकदाही गेले नाही. जायला तोंड नव्हतं. शेवटी गेले तेही माझ्या चांगुलपणामुळे नव्हे. शाळेत एक मुलगी चिंचोके मोजताना चुकली, मी तिच्यावर खेकसले, ती रडली, आणि त्या रात्री मला माझीच किळस आली. पुढच्याच रविवारी मी बडनेऱ्याला उतरले आणि रेल्वेच्या चाळीत मास्तरांचं घर विचारत गेले.

मैनाबाईंनी दार उघडलं. केस सगळे पांढरे झाले होते. बांगड्या अजून तशाच भरगच्च होत्या. मास्तर पुढच्या ओट्यावर बसले होते आणि त्यांच्यासमोर चाळीतली पाच-सहा पोरं. मध्ये परात होती. मी तोंड उघडायच्या आत मैनाबाईंनी माझं नाव सांगितलं. मास्तरांनी पोरांना खेळायला पाठवलं आणि मला समोर बसायला सांगितलं. कुठे असते, किती पोरी आहेत, हातचा कसा शिकवते, सगळं विचारलं. मी उत्तरं देत होते. शेवटी मी म्हणाले की मास्तर, माझ्यामुळे तुमची शाळा गेली, मी तेव्हा पाया पडायलाही आले नाही, मला माफ करा. एवढं बोलेपर्यंत मी लहान पोरीसारखी रडत होते.

त्यांनी परात जराशी बाजूला केली. मग म्हणाले, “वच्छे, तू दुसरीत होती तवापासून मले ठाऊक होतं, तू एक कमी मोजते. मी ऐकत होतो ना. तू म्हणे एकोणतीस, अन परातीत पडे तीस. मी मनात एक मिळवून घेत होतो अन तुले बरोबर म्हणत होतो.”

मी विचारलं, “काहून, मास्तर? सांगितलं काहून नाही?”

“तुमी पोट्टे माह्यासाठी खाकरत होते. चपला उचलत होते. मले वाटे, तुह्या लाभापुरता एक मी मिळवला तर काय बिघडलं? तुह्या आज्याची रीत होती, मोडायले जीव होईना. पण मास्तरानं लेकराच्या चुकीत आपला हातचा मिळवू नाही. मी दोन वर्षं मिळवला. त्या दिवशी तुह्यावर चोरीचा आळ आला तो माह्या त्या लाडापायी. मंग तो म्याच काढाले पाहिजे होता. त्यात तुही चूक कोठी आली?”

मैनाबाई दारात उभ्या होत्या. मी म्हणाले की तरीसुद्धा, तुम्ही गप्प बसला असता तर. मास्तरांनी मान हलवली आणि हाताने चाचपून परात माझ्याकडे सरकवली. शेजारच्या पिशवीतून ओंजळभर चिंचोके काढून माझ्या पदरात टाकले.

“मोज,” म्हणाले.

मी पहिला चिंचोका उचलला. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, पाच वर्गांना गणित शिकवत होते, आणि माझे ओठ आपसूक लाभ म्हणायला निघाले. मी ते मिटले. चिंचोका परातीत सोडला आणि मोठ्याने म्हणाले, “एक.” मग दोन. मग तीन. मास्तरांनी मान थोडी वाकडी करून कान परातीकडे केला होता, शाळेत करत तसाच. चाळीतली पोरं खेळ सोडून ओट्याच्या कडेला येऊन उभी राहिली. मी घाई केली नाही. शेवटचा चिंचोका पडला तेव्हा मी सांगितलं की बेचाळीस आहेत.

मास्तरांनी परातीत हात घातला आणि चिंचोके बोटांनी चार-चार करून सारले. दोन उरले. त्या दोन्हींवर त्यांनी बोट ठेवलं.

“बरोबर,” ते म्हणाले. “बस आता.”

मी बसलेलीच होते.